हायकोर्टातले वानर आणि आमचा फणस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असा आपल्याकडे वाडवडिलांचा उपदेश आहे. प्रस्तुत लेखक ही पायरी आजवर ११४ वेळा चढला असून प्रत्येक वेळची तारीख, झालेला खर्च व मिळालेली पुढची तारीख यांची नोंद त्याने एका वहीत ठेविली आहे. तेव्हा त्याची गणना कोणत्या कोटीत करावयाची ते वाचकांनीच ठरवावे. मात्र ती पायरी आमच्या तालुक्याच्या कोर्टाची. मुंबईच्या हायकोर्टाची पायरी मी गेल्या माघात प्रथम चढलो. आणि तीही वादी, प्रतिवादी किंवा साक्षीदार म्हणून नव्हे, तर निव्वळ प्रेक्षक म्हणून.

निमित्त झाले मुंजीचे. माझ्या आतेबहिणीचा मुलगा हायकोर्टात वकिली करतो व गिरगावात राहतो. त्याच्या मुलाची मुंज ठरली आणि अगत्याचे बोलावणे आले. मी मांडवी एक्सप्रेसने निघालो. गाडीत बसून चष्मा पुसतो न पुसतो, तोच समोरच्या बाकावर माझा थोरला चुलतभाऊ अण्णा येऊन बसला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्याने वर्तमानपत्र उघडले. पुढे तिकीट तपासनीस आला व त्याने कागद पाहून आमचे आडनाव उच्चारले. दोघांच्याही तोंडून एकाच वेळी शब्द निघाला, "हजर!" तो बिचारा गोंधळला. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पट्टेवाल्याचा पुकारा ऐकून जिभेला लागलेले हे वळण त्याला काय ठाऊक? एवढा एक शब्द सोडला तर मुंबई येईपर्यंत आम्हां दोघांत संभाषण झाले नाही.

येथे त्या दाव्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या गावी आमची दोन घरे शेजारी-शेजारी आहेत. मध्ये साडेचार फुटांचा बोळ, आणि त्या बोळाच्या तोंडाशी एक फणस होता. कापा फणस, तसे गरे मी पुन्हा कोठे खाल्ले नाहीत. त्याचे खोड कोणाच्या हद्दीत, यावरून १९८९ साली माझे वडील आणि माझे काका यांच्यात दावा लागला. कोर्टाने आरंभीच 'जैसे थे'चा हुकूम केला. कोणी फळ काढू नये, कोणी फांदी तोडू नये. हुकूम कायद्याला धरून होता. पण त्याची नक्कल फणसावर बजावलेली नव्हती. तो दरसाल नेमाने फळे धरी, ती नेमाने पिकत, आणि खाली पडून कुजत. सबंध वैशाखभर दोन्ही घरांतली पुरुषमाणसे तो घमघमाट घेत आपापल्या ओटीवर गप्प बसून राहत.

निदान कागदोपत्री असे होते. माझी आई व काकू या दोघी जावांना दिवाणी कायद्याची ओळख मुळीच नव्हती. न्हाणीघरामागच्या गडग्याला एक खिंडार होते. त्या खिंडारातून कुयरीची भाजी इकडून तिकडे जाई आणि तळलेले गरे तिकडून इकडे येत. आम्ही ते खात असू आणि कोठून आले, असे विचारीत नसू.

पुढे १९९४ साली स्थळपाहणीसाठी कोर्टाने एका तरुण वकिलांना कमिशनर नेमले. ते भर दुपारी उन्हातून आले. हुकूम झाल्यापासून आपण एकही फळ काढलेले नाही, असे माझ्या वडिलांनी प्रतिज्ञेवर लिहून दिले होते. काकांनीही दिले होते. फीत लावून मोजमाप झाले, खुणा झाल्या. घरी आलेल्या माणसाला तसेच कसे पाठवावे म्हणून आईने पाण्याच्या तांब्याबरोबर वाटीभर गरे आणून पुढे ठेवले. त्या क्षणीचा वडिलांचा चेहरा मी अद्याप विसरलेलो नाही. कमिशनरसाहेबांनी गरे खाल्ले, हात धुतले, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकण्यासाठी ते पलीकडे गेले. तेथे काकूनेही वाटीभर गरे पुढे ठेवले! अहवालात त्यांनी झाडाचा घेर सात फूट दोन इंच व बोळाची रुंदी साडेचार फूट एवढेच नमूद केले. परंतु जाताना बोळात उभे राहून ते बराच वेळ एकटेच हसत होते, असे आमच्या गड्याने सांगितले.

असो. निकाल झाला, अपील झाले, दावा फेरचौकशीसाठी पुन्हा खाली आला. मूळ वादी गेले, मूळ प्रतिवादी गेले, आणि वारस म्हणून अण्णा व मी यांची नावे दाव्यात लागली. २००३ साली माझे वडील वारले, तेव्हा अण्णा खांदा द्यावयास आला होता. पण तेराव्या दिवशी त्याचे पान मांडलेले तसेच राहिले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. आई व काकू आता दोघीही नाहीत. गडग्याचे खिंडार कोणी बुजविले, याविषयी उभयपक्षांची विधाने भिन्न आहेत. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात तो फणसच मुळासकट उन्मळून बोळात आडवा झाला. दाव्याचा विषय पडला; दावा मात्र उभाच राहिला. 'जैसे थे'चा हुकूम कायम असल्यामुळे ते खोड हलविण्याची सोय नाही. दोन्ही घरची माणसे त्याच्यावरून पाय टाकून जातात.

तर अशा या दोन पक्षकारांना भाच्याने मुंजीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, कोर्ट पाहावयास नेले. मला म्हणाला, "धाकटे मामा, चला, तुम्हांला हायकोर्ट दाखवितो. परवानगी काढून ठेवली आहे." मी जिना उतरून खाली येतो, तो टॅक्सीत अण्णा बसलेला! दोघांवर स्वतंत्र समन्स बजावले गेले होते आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. माघारी वळणे वयाला शोभले नसते. मी पुढे चालकाशेजारी बसलो.

हायकोर्टाची इमारत ओव्हल मैदानाच्या पूर्व बाजूस, विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याशेजारी आहे. मुंबईचे हायकोर्ट स्थापन झाले १८६२ साली, आणि आरंभी ते अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत भरत असे. सध्याच्या वास्तूचे काम १८७१ च्या एप्रिलात सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले व १८७९ च्या जानेवारीपासून तेथे न्यायदान सुरू झाले. आराखडा कर्नल फुलर या लष्करी इंजिनिअराचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. काळसर दगडाच्या भिंती, टोकदार कमानी, उंच छपरे, निमुळते मनोरे. युरोपातल्या जुन्या देवळाची किंवा गढीची आठवण व्हावी असा सगळा थाट. पश्चिमेच्या दोन मनोऱ्यांवर दोन पुतळे आहेत, एक न्यायाचा व दुसरा दयेचा. दोघींच्या मध्ये अंतर बरेच आहे. खर्च झाला १६,४४,५२८ रुपये, आणि भाच्याने अभिमानाने सांगितले की तो मंजूर रकमेपेक्षा थोडा कमीच होता. कोर्टाच्या कामात खर्च अंदाजापेक्षा कमी झाल्याचे हे एकच उदाहरण मला ठाऊक झाले. युनेस्कोने २०१८ साली या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला तो शिल्पासाठी दिला असला, तरी या कारणासाठीही द्यावयास हरकत नव्हती.

आत थंडगार लांबच लांब ओवऱ्या. सुटीचा दिवस असल्यामुळे आमच्याच चपलांचा आवाज तेवढा येत होता. भाचा एका खांबाशी थांबला व वर बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा आमचे सर्वांत जुने न्यायमूर्ती."

खांबाच्या माथ्यावर पानाफुलांच्या कोरीव कामात एक वानर बसले होते. हातात तराजू, पण पारडी एका पातळीत नाहीत. आणि एका डोळ्यावर पट्टी! न्यायदेवतेचे दोन्ही डोळे बांधलेले असतात, कारण तिला आपपर दिसू नये. याचा मात्र एकच बांधलेला. म्हणजे जे पाहावयाचे ते दिसावे आणि जे पाहावयाचे नाही ते दिसू नये, अशी दुहेरी व्यवस्था. दुसरीकडे एक कोल्हा, गळ्यात बॅरिस्टराच्या पांढऱ्या पट्ट्या बांधून, अशिलाची वाट पाहत असावा तसा बसलेला. याविषयी आख्यायिका अशी सांगतात की, इमारतीच्या कामावरच्या एका पारशी कंत्राटदाराचा कराराच्या भांडणात कोर्टात पराभव झाला व त्याने त्याचा सूड दगडात उगवला. आख्यायिका खरी असो वा नसो, मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हे वानर दीडशे वर्षे तेथे बसले आहे. त्याच्याखालून शेकडो न्यायमूर्ती गेले, इंग्रज गेले, आपले आले. कोणीही शिडी लावून त्याला खाली काढले नाही. ज्या वास्तूत अब्रूनुकसानीच्या फिर्यादी चालतात, तिने आपल्या स्वतःच्या थट्टेची एवढी बडदास्त ठेवावी, हे मला फार आवडले.

मी चौतीस वर्षे मुलांना लोण्याचा गोळा, दोन मांजरे आणि वाटणी करणारे वानर यांची गोष्ट शिकविली. पण संस्कृत वाचणाऱ्यांना पंचतंत्रातली याहून जहाल गोष्ट ठाऊक असेल. कपिंजल पक्ष्याच्या ढोलीत तो परगावी गेला असता एक ससा येऊन राहिला. घर कोणाचे, यावरून वाद झाला. दोघेही न्यायासाठी नदीकाठी तप करणाऱ्या दधिकर्ण नावाच्या बोक्याकडे गेले. तो म्हणाला, म्हातारपणामुळे मला दुरून ऐकू येत नाही. जवळ येऊन सांगा. ते जवळ गेले, आणि त्याने दोघांनाही एकदमच निकालात काढले. ही गोष्ट मी खांबाखाली उभा राहून भाच्याला सांगत होतो. ढोलीच्या मालकीपर्यंत आलो आणि माझ्या ध्यानात आले की अण्णाही ऐकतो आहे. पुढची गोष्ट मी जरा आटोपती घेतली.

तेथून आम्ही मधल्या मोठ्या दालनात गेलो. येथेच १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. या जागी हसू येत नाही. पण कोर्टात घडणाऱ्या विलक्षण गोष्टींत तिची गणना केली पाहिजे. १८९७ सालच्या पहिल्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी जे बॅरिस्टर दावर उभे राहिले व ज्यांनी तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून मिळविला, तेच दावर १९०८ साली न्यायासनावर होते, आणि त्यांनीच जामीन नाकारून पुढे सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. ज्यूरीतले नऊपैकी सात जण युरोपियन व दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. दरवाजाजवळ टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची शिला आहे. ती १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते बसविण्यात आली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने पुढे शिला लाविली. अण्णाने चपला बाहेर काढून ठेवल्या व हात जोडले. मीही काढल्या. परतताना घाईत त्याची एक चप्पल माझ्या पायात आली. परंतु ती बदलून घेण्यासाठीही बोलावे लागेल म्हणून मी तशीच चालू लागलो!

याच कोर्टात एक तरुण बॅरिस्टर १८९२ च्या सुमारास गिरगावातून रोज पाऊण तास पायी चालत येई. विलायतेहून परतलेला, पण हातात काम नाही. तो मागे बसून खटले ऐके. ते न समजल्यामुळे त्याला झोप येई. आरंभी त्याला त्याची लाज वाटे. पण आजूबाजूचे इतरही पेंगत असल्याचे पाहून हायकोर्टात डुलक्या घेणे ही तेथली रीतच असावी, अशी त्याने मनाची समजूत करून घेतली. त्याला पहिला दावा मिळाला तो स्मॉल कॉज कोर्टातला, तीस रुपये फीचा. उलटतपासणीला उभा राहिला तो पाय लटपटू लागले, डोळ्यांपुढे कोर्ट फिरू लागले, आणि एकही प्रश्न सुचेना. त्याने खाली बसून फी परत केली व दुसरा वकील पाहण्यास सांगितले. हे बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. आणि हा सर्व वृत्तान्त त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेविला आहे. पुढे ज्यांनी एका साम्राज्याची उलटतपासणी घेतली, त्यांना एका साक्षीदाराला विचारावयास प्रश्न सुचला नाही!

माझ्या मनाला मात्र सर्वांत गुंतवून ठेविले ते देवांच्या दाव्यांनी. डाकोरच्या रणछोडरायाच्या मंदिराच्या उत्पन्नाविषयीचा एक दावा याच हायकोर्टापुढे आला होता. १८८७ सालच्या त्या निकालात, हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती मानली जाते व तिच्या नावे मालमत्ता असू शकते, हे तत्त्व सांगितले गेले. म्हणजे देवालाही आता वकीलपत्र देता येते. आमचा शबरस्वामी या बाबतीत कोर्टाच्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार आहे. देवाचे गाव, देवाचे शेत असे आपण म्हणतो ते केवळ औपचारिक. कारण देव त्या गावाचा आपल्या इच्छेप्रमाणे उपभोग घेताना दिसत नाही, असे त्याचे मीमांसेतले म्हणणे. मी हे मांडले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, शबरस्वामींना लंडनचा खटला ठाऊक नव्हता."

त्याने सांगितलेली हकीकत अशी. तामिळनाडूतल्या पाथूर गावी १९७६ साली जमीन खणताना एका मजुराला नटराजाची जुनी कांस्यमूर्ती सापडली. ती हातोहात विकली जाऊन विलायतेस पोचली व एका कॅनडियन कंपनीने ती विकत घेतली. तेथे पोलिसांनी ती ताब्यात घेतल्यावर मालकीचा दावा लंडनच्या कोर्टात उभा राहिला, आणि हक्क सांगणाऱ्यांत पाथूरच्या पडक्या देवळातले शिवलिंगही होते. नटराजाचा ताबा मागणारा साक्षात शिव! १९८८ साली निकाल देवळाच्या बाजूने झाला, १९९१ साली अपीलही फेटाळले गेले, आणि त्याच वर्षी नटराज स्वदेशी परत आला. इंग्रजांच्या कोर्टात इंग्रजांच्या कायद्याने शंकराला आपलीच मूर्ती परत मिळाली, याहून विनोदी आणि याहून न्याय्य असे काही मी ऐकलेले नाही. उलट धनबादकडच्या एका कोर्टाने २००७ साली जमिनीच्या वादात राम व हनुमान यांना हजर राहण्याविषयी वर्तमानपत्रातून नोटीस दिली होती, तेही भाच्याने सांगितले. यावर अण्णा प्रथमच मोठ्याने बोलला, "हनुमंत खालच्या कोर्टात कशाला जाईल? त्याचे आप्त येथे न्यायासनावर आहेत." मला हसू आवरेना. तेवीस वर्षांत त्याच्या बोलण्यावर मी हसलो नव्हतो.

बाहेर येऊन आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. मुले क्रिकेट खेळत होती. भाचा चहा आणावयास गेला आणि मुद्दामच उशीर करीत राहिला, हे मला स्पष्ट दिसत होते. आमच्या घराण्यात शेवटचे शस्त्र म्हणून एक वाक्य चालत आले आहे. "मुंबईच्या हायकोर्टापर्यंत खेचीन!" काका ते माझ्या वडिलांना म्हणत, वडील ते काकांना म्हणत. अण्णा समोरच्या मनोऱ्याकडे पाहत म्हणाला, "१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास पीठ सुरू झाले. रत्नागिरी जिल्हा तिकडे गेला. आता मुंबईला खेचताही येत नाही." तो हे कोणाला उद्देशून म्हणाला ते स्पष्ट नव्हते. थोड्या वेळाने त्याने माझ्या पायाकडे पाहिले.

"बाळ, चप्पल माझी आहे."

मला अडुसष्टाव्या वर्षी बाळ म्हणणारा एवढा एकच माणूस आता उरला आहे. मी चप्पल काढून दिली.

"त्या खोडाला वाळवी लागली आहे का रे?" त्याने विचारले.

"तुझ्या अंगाने लागली असेल," मी म्हणालो. "माझ्या अंगाने अजून चांगले आहे."

"मग तुझ्या अंगाचे चार पाट निघतील. माझ्या अंगाचे जळाऊ. वाटणी झाली." असे म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले. भाचा चहा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघेही राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ किती वाजल्याचे दाखविते, या प्रश्नावर कडाक्याचे भांडत होतो.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. ११५वी तारीख फाल्गुनात होती. तिला दोघे एकाच रिक्षातून गेलो. आमचे दोन्ही वकील ते पाहून काहीसे खिन्न झाल्यासारखे मला वाटले. परंतु त्यांनी तडजोडीची पुरसीस लिहून दिली. कोर्टाने तीसोबत हद्दीचा नकाशा जोडावा असे सांगितले आहे, म्हणून आता मोजणीदार यावयाचा आहे. तोपर्यंत खोड जेथल्या तेथे आहे. मोजणीदाराला घरचे गरे देता यावयाचे नाहीत, म्हणून वहिनींनी बाजारातून फणसपोळी आणून ठेविली आहे. ती कोणत्या घरात द्यावयाची, यावर अद्याप एकमत झालेले नाही.